पुढच्या बुधवारी चहा कोणाकडे?

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य सकाळी पावणेनऊला उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या आत मावळून मोकळा होतो. आमच्याकडे म्हणजे स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबर्डीनच्या जरा उत्तरेला. मधल्या त्या साडेसहा-पावणेसात तासांतही तो नीट वर येत नाही. हात समोर लांब करून मूठ क्षितिजावर टेकवा. भर दुपारी तो त्या मुठीइतकाच वर चढतो, तेही ढग नसले तर. मी जालन्याची. तिथे वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो आणि उन्हाचा विषय निघाला तर त्यापासून लपायचं कुठे एवढाच असतो. ऊन कमी पडू शकतं, हे मला इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात मी घरातूनच संगणकावर काम करत होते. नवरा अंधारात जायचा, अंधारात यायचा. जानेवारीत मला अंघोळीला उठणं जड जाऊ लागलं. एकदा गाजर चिरता चिरता रडू आलं. कांदा असता तर निदान कारण तरी मिळालं असतं. आईला फोनवर ‘मजेत आहे’ म्हणायचे, आणि फोन ठेवला की पुन्हा त्याच खुर्चीत. डॉक्टरांनी औषधांचं बोलण्याआधी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रोज दहा मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी. हे इथलं सरकार शरद आणि हिवाळ्यात सरसकट सगळ्यांनाच घ्यायला सांगतं. दुसरी, सकाळी अर्धा तास उजेडाच्या खास दिव्यासमोर बसायचं. हे दोन्ही मी केलं आणि अजूनही करते. तरी त्या वर्षी मला खुर्चीतून उठवलं ते तिसऱ्याच गोष्टीने. ती गोष्ट आता एका सरकारी वळणाच्या तक्त्यात बसत नाही म्हणून काढून टाकली जाण्याच्या बेतात आहे. त्यासाठी हा लेख.

आमच्या गावातलं ग्रॅनाइटचं चर्च ठेवायचं की विकायचं, अशी चर्चा चालू आहे. हा प्रश्न एका गावापुरता नाही. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या ३२.४ टक्के लोकांनी आपण चर्च ऑफ स्कॉटलंडचे आहोत असं लिहिलं होतं. २०२२ मध्ये तो आकडा २०.४ टक्क्यांवर आला आणि ‘कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे ५१.१ टक्के झाले. पाळक, म्हणजे धर्मगुरू, कमी आहेत, छपरं गळतात, बॉयलर म्हातारे झालेत. २०२१ मध्ये चर्चच्या जनरल असेंब्लीने कायदा करून प्रत्येक प्रेसबिटरीला, म्हणजे विभागीय मंडळाला, आराखडा करायला लावला : कुठे किती पाळक, कुठली इमारत ठेवायची, कुठली काढायची. ठेवायच्या त्या ‘ए’, काढायच्या त्या ‘बी’. हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आठशे माणसांसाठी बांधलेल्या देवळात रविवारी पस्तीस डोकी असतील तर कोणीतरी वही उघडायलाच हवी. माझं भांडण वहीतल्या रकान्यांशी आहे.

चर्च वाचवू पाहणाऱ्यांचं भांडणही मला पटत नाही, हे आधीच सांगते. ते म्हणतात, हिवाळ्याच्या काळोखात चर्च म्हणजे प्रकाश. आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या मेणबत्त्या, नाताळच्या आधीच्या मध्यरात्रीची उपासना, ‘अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला’ हे बायबलमधलं यशयाचं वचन. ऐकायला सुरेख आहे, आणि मीही त्या वचनावर वाढले आहे. पण मेणबत्तीचा उजेड मोजून पाहा. एक मीटरवरून एका मेणबत्तीचा उजेड साधारण एक लक्स भरतो. डॉक्टरांनी सांगितलेला दिवा दहा हजार लक्सचा. हिवाळी नैराश्य हा आजार नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकात नीट मांडला, तेव्हापासून उपचाराचा रोख डोळ्यांत जाणाऱ्या सकाळच्या प्रखर उजेडावर आहे. त्या मापाने आमचं चर्च म्हणजे काळोखी गुहाच. चार मेणबत्त्यांनी कोणाच्या मेंदूतलं घड्याळ पुढेमागे होत नाही.

शिवाय या मेणबत्त्या इथल्या नव्हेतच. स्कॉटिश प्रेसबिटेरियन परंपरेला शोभेचं वावडं. इथल्या पार्लमेंटने १६४० साली नाताळची सुट्टीच रद्द केली, कारण बायबलमध्ये तिचा पत्ता नाही. २५ डिसेंबर ही स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सुट्टी झाली ती थेट १९५८ साली. माझ्या शेजारच्या आजींचे वडील नाताळच्या दिवशी नेहमीसारखे कामावर जात. चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र जर्मनीतून आलं. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न यांनी अनाथ, उनाड मुलांसाठी एक घर चालवलं होतं. ‘नाताळ कधी?’ असं पोरं रोज विचारायची, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. आठवड्यातल्या दिवसांसाठी लहान तांबड्या, रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या. थोडक्यात, ते पोरांना दिवस मोजायला दिलेलं कॅलेंडर होतं. रोज एक मेणबत्ती कोण लावणार यावरून त्या पोरांची मारामारी होत असणार, अशी माझी खात्री आहे. आणि मला वाटतं खरी मेख तिथेच आहे.

माझी गोष्ट सांगते. त्या फेब्रुवारीत मी एका रविवारी चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसले. भक्तिभाव वगैरे फारसा नव्हता, घरात बसवत नव्हतं म्हणून गेले. उपासनेच्या आधी बीडल, म्हणजे चर्चचा सेवक, मोठं बायबल दोन्ही हातांवर घेऊन आला, ते त्याने व्यासपीठावर ठेवलं, मग मागून पाळकबाई आल्या. सगळं कोरडं, नीटनेटकं. माझ्या डोक्यात जालन्याच्या चर्चमधली पेटी-तबल्यावरची भजनं. इथे ऑर्गन. कोणी मिठी मारली नाही, कोणी माझं दुःख विचारलं नाही. बाहेर पडताना सत्तरीच्या एका बाईंनी कोट चढवता चढवता विचारलं, ‘बुधवारी सूप असतं हॉलमध्ये. भांडी पुसायला एक हात कमी आहे. जमेल?’

एवढंच. तब्येत कशी आहे असं विचारलं असतं तर ‘मजेत’ म्हणून सुटले असते. भांडी पुसायला नाही म्हणायला कारण सापडेना. बुधवारी गेले. सूप मसुराच्या डाळीचं : तांबडी डाळ, गाजर, कांदा आणि डुकराच्या नळीचं हाड. आमच्या मसुरीच्या आमटीची ही फोडणी विसरलेली मावसबहीण. निघताना त्याच बाईंनी मला हॉलच्या दाराआड लावलेल्या एका कागदापाशी नेलं आणि पेन हातात दिलं. तो रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता. बुधवारचं सूप, रविवारचा चहा, फुलं, वाचन, हॉल उघडणं, हॉल बंद करणं, ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीतून आणणं. पुढच्या चार महिन्यांचे रकाने आणि त्यांत नावं. माझं नाव त्यांनी दोनदा चुकीचं लिहिलं, तिसऱ्यांदा मी स्वतः लिहिलं.

आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यात पोट भरायचं पण मान खाली जायची, असं जुन्या माणसांच्या आठवणींत वाचायला मिळतं. इथे मी वार लावून घेतला तो जेवू घालण्याचा, आणि मान आपसूक वर आली. बुधवारी सव्वाआठला, बाहेर जेमतेम उजाडलेलं असताना, मला हॉलचं कुलूप उघडायचं असायचं. मी उठले नाही तर आठ-दहा म्हातारी माणसं पावसात उभी राहणार होती. गंमत म्हणजे ती चालत जायची पंधरा मिनिटं आणि परतीची दहाची उजेडातली पंधरा मिनिटं हाच त्या आठवड्यातला माझा खुल्या हवेतला वेळ ठरला. ढगाळ आभाळाचा उजेडही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. डॉक्टर जे सांगून थकले ते एका किल्लीने करवून घेतलं.

तेव्हा माझं म्हणणं असं : हिवाळ्यात पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावात, माणूस सावरतो तो तिथे त्याची काळजी घेतली जाते म्हणून कमी, आणि तिथे त्याची गरज असते म्हणून जास्त. मेणबत्त्या राहूद्या, सुंदर आहेत. पण आधार आहे तो त्या दाराआडच्या कागदाचा. आणि इमारतींच्या हिशेबात रविवारची डोकी मोजतात, छपराचा खर्च मोजतात, पार्किंग मोजतात. त्या कागदावरची नावं मोजण्याचा रकाना मला कुठे दिसला नाही.

इथे कोणी विचारेल की हे ग्रंथालयात, समाजमंदिरात, बागकामाच्या मंडळात होत नाही का? होतं, आणि व्हावं. कार्तिकातल्या काकड आरतीला पहाटे कुडकुडत जमणाऱ्या आपल्या बायकांना हे मी सांगायची गरज नाही. कोणी वाती वळायच्या, कोणी झांजा धरायच्या, हे तिथेही ठरलेलंच असतं. पण पॅरिशमध्ये एक गोष्ट जास्तीची आहे. वसईकडचे कॅथलिक तिला धर्मग्राम म्हणतात आणि तो शब्द मला फार नेमका वाटतो, कारण त्यात ग्राम आहे. पॅरिश म्हणजे नकाशावरची हद्द. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस, तो चर्चमध्ये पाऊल टाको न टाको, पाळकाच्या जबाबदारीत येतो. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या बाबतीत ही नुसती भावना नव्हे. १९२१ च्या कायद्याला जोडलेल्या घोषणापत्राच्या तिसऱ्या कलमात लिहिलं आहे की स्कॉटलंडच्या प्रत्येक पॅरिशमधल्या लोकांपर्यंत धर्मसेवा पोहोचवणं हे या चर्चचं खास कर्तव्य आहे. बागकामाच्या मंडळाला, ज्याला बागकाम आवडत नाही त्याच्याविषयी काही कर्तव्य नसतं. ग्रंथालयाचे तास असतात, आणि तेही इकडे दरवर्षी कमी होत चाललेत. पॅरिशला मात्र हद्दीतला शेवटचा, तुसडा, कोणाला नकोसा माणूसही आपलाच मानावा लागतो. निदान कागदावर तरी.

ही कल्पना ताणून पाहणारा पाळक म्हणजे थॉमस चामर्स. १८१९ मध्ये त्यांनी ग्लासगोतल्या सेंट जॉन्स या गरीब, गर्दीच्या पॅरिशची छोट्या छोट्या भागांत वाटणी केली. प्रत्येक भागाला एक वडील, म्हणजे एल्डर, दिला आणि त्याने आपल्या भागातल्या प्रत्येक घरी जायचं असं ठरवलं. सरकारी गरीब-कराची गरजच पडू नये, हा त्यांचा हट्ट. त्या हट्टात एक कंजूष नैतिकता होती. आधी नातेवाईकांकडे जा, मग आमच्याकडे ये, असं भुकेल्याला सांगायचं, असला तो कारभार. त्याचं गुणगान मला करायचं नाही. पण एका माणसाला मोजकी घरं आणि त्या घरांना ओळखीचा एक चेहरा, ही त्यांची रचना आजही आमच्या गावात टिकून आहे. आमच्या भागाचे वडील एक निवृत्त मासेवाले आहेत. ते महिन्यातून एकदा दार वाजवतात, दारातच उभं राहून हवेला शिव्या घालतात आणि जातात. एवढ्या भेटीत त्यांना घरातलं सगळं कळतं.

या चामर्सचा आणि आमच्या जालन्याचा संबंध आहे, म्हणून थोडं आडवाटेला जाते. १८४३ मध्ये चामर्सच्या पुढारपणाखाली शेकडो पाळक सरकारी चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. मुंबईत १८२९ पासून असलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन त्या बाजूला गेले आणि त्यापायी त्यांना शाळेच्या इमारतीवर पाणी सोडावं लागलं. आजचं विल्सन कॉलेज त्यांच्याच परंपरेतलं. त्याच साली नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे ते फ्री चर्चचे पाळक झाले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. आमचं घराणं त्या सावलीतलं. मी स्कॉटलंडला निघाले तेव्हा मामा म्हणाले होते, ‘जा, मिशनरी येऊन गेले त्यांचं माहेर बघून ये.’ माहेर बघितलं. माहेरी आता विकायच्या घरांची यादी चालू आहे. पण गमतीचा भाग असा की १८४३ मध्ये इमारती सोडून बाहेर पडलेल्या त्या माणसांकडे काय उरलं होतं? हद्दीचे नकाशे आणि नावांचे कागद. इमारती त्यांनी मागाहून बांधल्या. म्हणून कुठलीही इमारत विकूच नका असं म्हणणं मला जमत नाही. दगड जाऊ शकतो. दगडाबरोबर कागद कुठे जातो, एवढंच मला विचारायचं आहे. आराखड्यात तीन गावांची मिळून एक पॅरिश होते, उपासना अकरा मैलांवरच्या गावात जाते. बरेच जण रविवारी गाडीने तिथे पोहोचतीलही. पण बुधवारी सव्वाआठला अकरा मैलांवरचं कुलूप उघडायला इथली ऐंशीची बाई जाणार नाही. तिचं नाव कागदावरून आपोआप गळेल. मग काही महिन्यांनी तीच बाई कुठल्यातरी योजनेत ‘लाभार्थी’ म्हणून वर येईल.

हा शब्द मी मुद्दाम वापरला. ब्रिटनने २०१८ च्या जानेवारीत एकाकीपणासाठी मंत्री नेमला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्कॉटिश सरकारने एकाकीपणाविषयीचं आपलं धोरण जाहीर केलं. चांगलं केलं. एकाकीपणा ही खासगी लाज नसून सार्वजनिक प्रश्न आहे, हे सरकारने म्हणणं मोठं आहे. पण अशा योजनांचा एक स्वभाव असतो : एका बाजूला देणारे, दुसऱ्या बाजूला घेणारे, आणि मध्ये फॉर्म. २०२२ च्या हिवाळ्यात विजेचे दर भडकले तेव्हा ठिकठिकाणी ऊबदार जागा उघडल्या. आमच्या हॉलच्या दारावरही तशी पाटी लागली. पहिले दोन आठवडे कोणी फिरकलं नाही. थंडीने काकडलोय हे शेजाऱ्याला दिसावं असं कोणाला वाटतं? मग कोणीतरी पाटी काढून ‘बुधवारचं सूप, मदतीला हात हवेत’ असा कागद चिकटवला. लोक आले. आलेल्यांतल्या निम्म्यांनी गाजरं किसली. हीटर तोच होता.

आता यातल्या धोक्याविषयी. पॅरिशमध्ये मनाला उभारी मिळते असं म्हटलं की त्याच्या मागोमाग एक विषारी वाक्य येतं : ज्याला उभारी मिळत नाही त्याचा विश्वास कमी पडला. हे मी भारतात ऐकलं आहे आणि इथेही एका पाहुण्या उपदेशकाच्या तोंडून ऐकलं आहे. नैराश्य हा आजार आहे. त्याला डॉक्टर लागतो, कधी गोळ्या लागतात, कधी रात्री-अपरात्री फोन उचलणारी माणसं लागतात. भांड्याचं फडकं हा त्याचा उपचार नव्हे. मला फडक्याने उठवलं कारण मी उठण्याच्या जवळ आले होते. आमच्याच रोटावर असलेल्या एका बाईंना त्याच हिवाळ्यात दवाखान्यात राहावं लागलं. त्यांचं नाव कागदावर तसंच ठेवलं होतं, त्यांच्या वारी दुसरं कोणीतरी गुपचूप काम करत होतं. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा वार त्यांची वाट बघत होता. पॅरिशने करायचं ते एवढंच, असं मला वाटतं : आजार डॉक्टरांकडे सोपवायचा आणि जागा राखून ठेवायची.

आणि दुःखाला घाई करायची नाही. आमच्याकडे २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री, एक छोटी उपासना असते. ज्यांना नाताळचं गाणं-बजावणं सोसवत नाही त्यांच्यासाठी. कोणी त्या वर्षी नवरा गमावलेला, कोणाचा गर्भ पडलेला, कोणाचा मुलगा बोलत नाही. ऑर्गन वाजत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचतात. बायबलमधल्या बाकीच्या बहुतेक विलापांना शेवटी कुठेतरी आशेचं वळण मिळतं, हे स्तोत्र अंधारावरच थांबतं, आणि वाचणारीही तिथेच थांबते. २१ डिसेंबर हा जुन्या पाश्चात्त्य पंचांगातला संत थोमाचा दिवस. जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा तो थोमा, भारतात आल्याची श्रद्धा आहे तोच. कॅथलिकांनी १९६९ मध्ये त्याचा सण ३ जुलैला नेला, म्हणजे आपल्या ऐन पावसाळ्यात. मला तो जुनाच दिवस बरोबर वाटतो. सगळ्यात काळोख्या दिवशी शंका घेणाऱ्याची आठवण.

चर्चची दारं सगळ्यांना सारखी उघडी होती, असंही नाही. समलिंगी जोडप्यांची लग्नं लावायची मुभा इच्छुक पाळकांना मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं. त्याआधी कितीतरी माणसं त्या हॉलच्या बाहेर राहिली आणि आता बोलावलं तरी येणार नाहीत. त्यांना मी रोटाचं कौतुक सांगायला जाणार नाही. हद्दीतला प्रत्येक माणूस आपला, हे कलम लिहिणाऱ्यांनी ते कितीदा पाळलं, याचा हिशेबही त्याच वहीत मांडला पाहिजे.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र बाहेरचा नाही, त्या कागदावरचाच आहे. नीट वाचलात तर त्यावर तीच नऊ नावं पुन्हा पुन्हा येतात. सात बायका, दोन पुरुष, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. लूकच्या शुभवर्तमानात मार्था स्वयंपाकघरात राबते आणि मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, आणि प्रभू मरीयेची बाजू घेतो. आमच्या हॉलमधल्या बायकांना ही गोष्ट अजिबात आवडत नाही. मार्था नसती तर सगळे उपाशी राहिले असते, असं त्या उघड म्हणतात. गरज असणं माणसाला उभं करतं तसं ते माणसाला झिजवतंही. गुडघे गेलेल्या बाईला तिच्याशिवाय अडेल म्हणून यावं लागणं, याला मी मानसिक आरोग्य म्हणणार नाही. ‘बघा, लोकच सगळं फुकट करतात’ असं म्हणून सरकारने हात झटकावेत, हे चामर्सचं जुनं पाप झालं.

म्हणून पैसे हवेत, आणि ते कशासाठी हवेत हे स्पष्ट हवं. सूप वाटायला पगारी माणूस नेमलात तर सूप चालू राहील आणि वार बंद पडतील. तो पैसा बॉयलरला द्या, छपराला द्या, वीजबिलाला द्या, किल्ली घेऊन येणाऱ्या ऐंशीच्या बाईच्या टॅक्सीला द्या. ज्यात कोणाला मान नाही, फक्त कटकट आहे, ते सगळं पगारावर जाऊद्या. गाजर किसणं, नावं लिहिणं, न आलेल्याकडे जाऊन दार वाजवणं तेवढं माणसांच्या हाती राहूद्या. आणि हॉल तेवढा ठेवून ग्रॅनाइटचं चर्च विकायचं ठरलं, तर मला वाईट वाटेल, पण मी विरोध करणार नाही. आमच्यातल्या जुन्या लोकांना हे बोलणं रुचलेलं नाही. माझ्या आजोबांनाही रुचलं नसतं.

प्रेसबिटरीने मतं मागवली होती. फॉर्ममध्ये उपस्थिती, देणग्या, दुरुस्तीचा अंदाज असे रकाने होते, आणि शेवटी ‘इतर’ अशी दोन ओळींची जागा. दोन ओळींत मला लिहिता येईना. मग दाराआडचे गेल्या पाच हिवाळ्यांचे कागद शोधले. पाळकबाईंनी ते फेकले नव्हते, पेटीत ठेवले होते. त्यांची छायाप्रत काढून फॉर्मला टाचणी लावली. प्रती काढताना पहिल्यांदाच समासांतलं बारीक अक्षर वाचलं. ‘मी गाडी आणते.’ ‘माझ्याऐवजी जावई.’ ‘डाळ संपली आहे.’ ‘या आठवड्यात नाही, क्षमस्व.’ एका फेब्रुवारीत, माझ्याच चुकीच्या लिहिलेल्या नावाशेजारी, कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘ही नवीन आहे. किल्ली डावीकडे फिरवायची, सांगा तिला.’